दोन सेकंदांचा आवाज

ते कुठलीही वस्तू आधी ऐकायचे आणि मग बघायचे.

मी खोली बघायला गेले त्या दिवशी ते फ्रिजमागे उकिडवे बसले होते. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवलेलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावलेली, डोळे मिटलेले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला खुणेनंच थांबायला सांगितलं. दोन-तीन मिनिटांनी ते उठले आणि म्हणाले, "अजून चार वर्षं." मग माझ्याकडे बघितलं. "खोली वर आहे. पंखा ऐकलाय मी. चांगला आहे." नाव, गाव, नोकरी असलं काही त्यांनी विचारलं नाही. ते सगळं काकूंनी चहा देताना विचारून घेतलं.

तो फ्रिज पुढे सहा वर्षं चालला.

गेल्या महिन्यात ते वारल्याचं त्यांच्या पुतण्यानं साताऱ्याहून कळवलं. मला रडू आलं नाही. काकू गेल्या तेव्हा आलं होतं, आणि काकांसाठी वेगळं काही उरलं नव्हतं. पण दोन दिवस हातात घेतलेलं प्रूफ पुढे सरकेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी दिल्लीत आले ती स्पर्धा परीक्षा द्यायला. चार प्रयत्न झाले, चारही वाया गेले, आणि घरी परत जायची लाज वाटली म्हणून नोएडात शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात चुका शोधायची नोकरी धरली. राहायला हे घर मिळालं. काका फौजेच्या वर्कशॉपमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूलबाळ नव्हतं. गावी परत का गेला नाहीत, असं विचारलं की म्हणायचे, "तिथं सगळे एकदम बोलतात. काही ऐकू येत नाही."

मला ते रीडर म्हणायचे. इंग्रजी त्यांना कळायचं, पण वाचायला वेळ लागायचा. त्यामुळे जिन्यावरून हाक यायची, "रीडर, खाली ये. एक पान आहे." मी वाचायचे, मराठीत सांगायचे. त्यांना हवं ते मिळालं की ते हाताचा पंजा वर करायचे, फौजेत रहदारी थांबवतात तसा. "बस." त्यापुढचं एक अक्षर त्यांना चालायचं नाही.

"लग्नात मंगलाष्टकांनाही असाच हात वर केला होता यांनी," काकू म्हणायच्या. "भटजी घाबरले."

"पाच झाली होती. पाच म्हणजे बस."

काकूंना फुप्फुसांचा आजार निघाला तो त्याच घरात, माझ्या पाचव्या वर्षी. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात असा काहीतरी. डॉक्टरांनी वर्ष, फार तर दीड वर्ष सांगितलं. आधी रात्रीपुरता ऑक्सिजन लागेल, मग दिवसाही, मग सतत. काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "अहो, मला एकदा उघड्या गाडीतून न्या."

त्याला कारण होतं. पंचवीस वर्षं त्या छावण्यांमधून राहिल्या. बदली झाली की ताडपत्री ओढलेला ट्रक, नाहीतर ट्रंकांवर बसून रेल्वे. एकदाच, कुठल्याशा कार्यक्रमाला, मोठ्या साहेबांच्या उघड्या जीपमधून बायकांना मैदानाला एक फेरी मारून आणलं होतं. ती फेरी त्या मला इतक्या वेळा सांगायच्या की त्या मैदानात किती झाडं होती तेही मला माहीत आहे. दुसरं म्हणजे पानिपत. दिल्लीत आल्यापासून दर संक्रांतीला काका त्यांना तिथल्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, न्यायचे, बसनं, मराठी मंडळींबरोबर. धुकं इतकं असायचं की रस्त्याच्या कडेचं काही दिसायचं नाही.

"मेलेल्यांना भेटायला दरवर्षी नेलंत," काकू म्हणाल्या. "आता एकदा सरसोंच्या पिवळ्या शेतांतनं न्या. फेब्रुवारीत. डोक्यावर काही नको."

काका म्हणाले, "बिल्कुल."

पैशाचा प्रश्न त्यांनी एका वाक्यात मिटवला. मागे खायला कोण आहे, म्हणाले. मग ठरलं ते असं, की दोन माणसांची, छत मागे दुमडणारी, ऐटबाज परदेशी बनावटीची जुनी गाडी घ्यायची. अशा गाड्या दिल्लीत कमी नाहीत. हौसेनं घेतल्या जातात, आणि मग उन्हाळा, धूळ आणि धूर बघून वर्षभर झाकून ठेवल्या जातात. छत उघडून फिरता येईल असे दिवस इथे दोनच वेळा येतात. पाऊस संपल्यावर धूर सुरू व्हायच्या आधीचे थोडे, आणि फेब्रुवारी-मार्चचे थोडे.

एखादी भाड्यानं घ्या, असं मी पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काकूंना भाड्याच्या साडीत न्यायला सांगितलं होतं. "दुसऱ्याचं न ऐकलेलं इंजिन? तिला घेऊन? हायवेला?"

सगळं अडलं ते इंजिनापाशी.

त्या जातीच्या गाडीत तीन इंजिनं मिळत होती. चार सिलिंडरचं लहान पेट्रोल, सहा सिलिंडरचं मोठं पेट्रोल, आणि क्वचित डिझेल. काकांचा जीव डिझेलवर. सगळी नोकरी त्यांनी डिझेलच्या ट्रकांखाली घालवलेली. पण दिल्लीच्या आसपास डिझेल गाडीला दहाच वर्षं मुभा, पेट्रोलला पंधरा. नोएडातल्या एका दलालाकडे जी एकुलती एक डिझेल होती तिला साडेनऊ झाली होती.

"म्हणजे माझ्यासारखीच," काकू म्हणाल्या. "मुदत संपत आलेली. घ्या की मग. दोघी एकदमच जाऊ."

"तिला एनओसी मिळते," काका अगदी गंभीरपणे म्हणाले. "दुसऱ्या राज्यात चालते ती."

"मलाही मिळणारच आहे."

त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या, बराच वेळ. काका उठले आणि ऑक्सिजनच्या मशीनला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकू लागले. ते मशीन त्यांनी दर रविवारी उघडून, जाळी धुऊन, पुसून ठेवलं. ते एकदाही बंद पडलं नाही. "मशीनला रोज विचारतात कसं आहेस म्हणून," काकू मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार होती की कौतुक, हे मला तेव्हाही कळलं नाही.

गाडी तपासायची त्यांची एक पद्धत होती. सात सकाळी. इंजिन पूर्ण थंड असताना, दिवसातलं पहिलं स्टार्ट, असं सात वेळा ऐकायचं. गेल्या गेल्या ते बॉनेटवर तळहात ठेवायचे. जरा जरी कोमट लागलं तरी परत फिरायचे, आणि ती सकाळ धरायची नाही. "गरम इंजिन म्हणजे पढवून आणलेला साक्षीदार," म्हणायचे. मग काकूंनी इस्त्री केलेला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा, त्यावर काय उमटतं ते बघायचं. मग स्क्रूड्रायव्हर.

नोएडातला तो दलाल चौथ्या सकाळी वैतागला. "अंकल, गाड़ी ले रहे हो या शादी कर रहे हो?"

"शादी में इतना नहीं देखा था," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा काकू भाजी चिरत होत्या. "तिथंच चुकलं. सात सकाळी थांबला असतात तर मी सुटले असते."

पावसानंतरचे चांगले दिवस असे गेले. डिझेल नापास. फरीदाबादची एक चार सिलिंडरची नापास, कारण मालकानं तिसऱ्या सकाळी इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. सहा सिलिंडरची एक बघितली, तिच्यात एका गिअरचे दात झिजतात असं मी वाचून दाखवलं, तीही नापास. दिवाळी झाली, धूर आला. काकूंना दुपारीही मशीन लागायला लागलं.

मी एकदा चिडून त्यांना विचारलं, "काका, दोनशे-अडीचशे किलोमीटर जायचं आहे. एकदा. कुठलंही इंजिन तेवढं जाईल."

ते उठून बाहेर गेले. काकूंनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं. बर्फातल्या एका चौकीवर असताना काकांनी एका ट्रकच्या इंजिनात काहीतरी ऐकलं होतं. ताफा निघायचा होता, साहेब घाई करत होते, आणि यांनी सही केली. तो ट्रक खिंडीत बंद पडला. चालक रात्रभर अडकला. त्याच्या पायाची बोटं कापावी लागली. "त्याला ते दरवर्षी पत्र टाकतात," काकू म्हणाल्या. "त्यानं कधीच माफ केलंय. मुलीच्या लग्नालाही बोलावलं होतं. पण हे त्या दिवसापासून कशावरच सही करत नाहीत. वीजबिलाचा चेकसुद्धा दोन दिवस टेबलावर पडलेला असतो."

हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल मऊ वाटलं. आता नाही वाटत. एका माणसाच्या बोटांची भरपाई ते दुसऱ्याच माणसाच्या दिवसांतून करत होते, आणि त्या दुसऱ्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गुरुग्रामची गाडी मिळाली. चार सिलिंडरचं लहान पेट्रोल, बारा वर्षांची, एकाच घरात वापरलेली. मालक तिशीचा, शांत. त्याच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली गाडी, ते आजारी पडले म्हणून विकायला काढलेली. काका रोज पहिल्या मेट्रोनं निघायचे, राजीव चौकाला गाडी बदलून पलीकडे जायचे. सहा सकाळी झाल्या. येऊन काही बोलायचे नाहीत, पण जेवायला नीट बसायचे, त्यावरून काकूंनी ओळखलं.

"सातव्या दिवशी मी येणार," त्या म्हणाल्या.

"थंडी आहे. धूळ आहे."

"गाडी माझ्यासाठी आहे ना? मग मलाही ऐकू द्या."

टॅक्सी केली. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर बरोबर घेतला, मी होतेच. पोचलो तेव्हा नुकतं ऊन पडलं होतं. काकांनी बॉनेटवर हात ठेवला, मान हलवली, मालकाला खूण केली. इंजिन सुरू झालं. सुरू होताना पुढच्या बाजूनं एक खरखर आली, डब्यात खडे हलवावेत तशी. दोन सेकंद. मग गेली. नंतर इंजिन इतकं मुकाट चालत होतं की झाडावरची साळुंकी ऐकू येत होती. काका वाकले ते वाकलेलेच राहिले.

मालकानं काकूंना हात धरून डावीकडच्या सीटवर बसवलं. "आंटी, ऊपर देखिए," म्हणाला आणि बटण दाबलं. छत उचललं गेलं, मधोमध दुमडलं आणि मागे जाऊन बसलं. वर काटेसावरीची फांदी होती, एक पान नाही, नुसती लाल फुलं. काकूंनी नाकाची नळी काढून मांडीवर ठेवली, शाल खांद्यावरून खाली सोडली आणि मान मागे टाकली. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

"अहो," त्या म्हणाल्या. "हीच."

काका सरळ झाले. "सातपैकी दोन सकाळी आवाज आला."

"कसला?"

"चेनचा. आतली साखळी सैल होत असेल. तुटली तर इंजिन जागच्या जागी संपतं."

"किती वेळ आला आवाज?"

"दोन सेकंद."

"माझा दिवसभर येतो," काकू म्हणाल्या. "मला टाकलंत का?"

मालकाला मराठी येत नव्हतं. तो हसून म्हणाला, "आंटी को पसंद है, अंकल. एक राउंड ले लीजिए ना." काकांनी नकारार्थी मान हलवली. तपासणीत पास झाल्याशिवाय माणूस बसवून न्यायचा नाही, हा नियम. काकूंनी नळी परत लावली. गाडीतून उतरायला त्यांना बसण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्या संध्याकाळी मला खाली बोलावलं. त्या इंजिनाबद्दल गाडीवाल्यांनी इंटरनेटवर लिहिलेलं एक लांबलचक पान मी शोधलं होतं. काकू पलंगावर होत्या, डोळे मिटून, पण जाग्या. मी वाचलं: थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद खरखर येत असेल तर साखळी ताणली गेल्याची ती खूण असू शकते, साखळी दात सोडून घसरली तर झडपा वाकतात आणि इंजिन निकामी होतं.

पंजा वर गेला. "बस."

मी थांबले.

"अहो," काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "चेन बदलून घ्या की."

"इंजिन खोलावं लागेल. पार्ट बाहेरून येणार. दोन महिने. त्यापेक्षा चंडीगडला एक सहा सिलिंडरची आहे. नंतरची बनावट, गिअरचा दोष काढलेला. सहाचं इंजिन थरथरत नाही. तुला धक्का लागणार नाही. महिन्याभरात येते."

"महिन्याभरात सरसों कापतात," काकू म्हणाल्या.

चंडीगडच्या मालकाचं काहीतरी अडलं आणि ती गाडी एप्रिलमध्ये आली. तोवर काकूंना नळीशिवाय पाच मिनिटं काढता येत नव्हती, आणि सकाळी नऊलाच रस्ता भाजत होता. काकांनी सात सकाळी ऐकली. पाचव्या सकाळी काकूंना दवाखान्यात हलवलं. सातव्या दिवशी ते तिथे आले, हात काळे, रुमाल पांढराशुभ्र. त्यांनी तो रुमाल काकूंच्या डोळ्यांपुढे धरला.

"पास," म्हणाले. "एक डाग नाही. बघ."

काकूंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "छान," म्हणाल्या. "कोणाला नेणार?"

नंतर त्या चार दिवस होत्या, पण काकांशी हे शेवटचं बोलल्या. माझ्याशी बोलल्या. मी डब्यात आणलेल्या खिचडीत मीठ कमी आहे, असं.

ती सहा सिलिंडरची गाडी त्यांनी घेतली नाही.

पुढचं वर्ष ते घरात होते की नाही हे वरून कळायचं नाही. ऑक्सिजनचं मशीन त्यांनी कोणाला दिलं नाही. दर रविवारी जाळी धुवायचे. संक्रांतीला काला अंबलाही गेले नाहीत. मग एका फेब्रुवारीच्या सकाळी जिन्यावरून हाक आली, "रीडर." वर्षभरात पहिल्यांदा. मी खाली गेले तर ते बूट घालून तयार होते. "गुरुग्रामच्या त्या मुलाला फोन लाव. गाडी आहे का विचार. आणि सांग, सुरू करू नकोस."

गाडी होती. विकलीच नव्हती. मालकाचे वडील बरे झाले होते आणि तेच ती चालवत होते. वर्षभर, रोज, दूध आणायला, आणि दोनदा जयपूरला.

मेट्रोत ते दाराकडे तोंड करून उभे होते. मी बोलायला हवं होतं. कारण ते पान मी काकू गेल्यानंतर पुन्हा उघडलं होतं. पंजा वर गेला त्याच्याच खाली दुसरा परिच्छेद होता. त्यात लिहिलं होतं, की ही खरखर पुष्कळदा नुसती तेल खाली उतरल्याची असते, अशी इंजिनं काहीही न होता वर्षानुवर्षं चालतात, आणि आवाज वाढत नसेल तर घाबरायचं कारण नाही. चार ओळी. पान शेवटपर्यंत वाचायचे मला पगार मिळतो. त्या संध्याकाळी काकूंनी मिटलेल्या डोळ्यांनी माझ्या दिशेला मान वळवली होती, तेही मी बघितलं होतं. तरी मी थांबले, कारण त्या घरात पंजा वर गेला की थांबायचं असतं, आणि कारण मला वर जाऊन जेवायचं होतं.

काटेसावर फुलली होती. काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मालकानं किल्ली फिरवली. खरखर आली. एक, दोन. गेली. काकांनी बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हरचं टोक पुढच्या झाकणाला टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना ऐकताना मी सहा वर्षं बघितलं होतं, पण असा चेहरा बघितला नव्हता.

मालकानं इंजिन बंद केलं.

"तोच आहे," काका म्हणाले. "वाढला नाही."

"काका," मी म्हटलं, "त्या पानावर पुढे..."

त्यांनी पंजा वर केला. या वेळी 'बस' म्हणाले नाहीत. हात तसाच वर राहिला, मग हळूहळू खाली आला आणि डावीकडच्या दारावर टेकला.

मालक बिचारा काही न कळून उभा होता. "अंकल, ले जाना है? या एक राउंड?"

"नहीं बेटा. गाड़ी ठीक है," काका म्हणाले. "चलाते रहो."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. घडी मोडलेला, इस्त्री नसलेला. बॉनेटवर त्यांच्या हाताचा ठसा उमटला होता तो त्यांनी पुसला, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देऊन ते फाटकाकडे चालू लागले. परत मागितला नाही. महिन्याभरात ते साताऱ्याला गेले, जिथे सगळे एकदम बोलतात.

तो स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावर आहे. मी एकदा मूठ कानामागे लावून बघितली. काही ऐकू आलं नाही.